ओटीवरचं पान

मायएसक्यूएल या डेटाबेसला ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ असं विचारलं की तो पोटातलं सगळं सांगून टाकतो. कोण कुणाच्या कुलपापाशी अडून बसलंय, लॉगमध्ये किती लिहून झालं, किती राहिलं. बरंच खाली ‘बफर पूल अँड मेमरी’ हा मथळा येतो आणि त्याखाली ती सुप्रसिद्ध ओळ: बफर पूल हिट रेट 1000 / 1000. सर्व्हर स्लो असल्याची तक्रार घेऊन बसलेला नवशिका इथे थांबतो आणि निर्धास्त होतो. हजार पानं मागितली, हजारच्या हजार मेमरीत सापडली. म्हणजे आपल्याकडे काही दोष नाही, आता नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवायला हरकत नाही.

मी या आकड्याला खुशमस्कऱ्या म्हणतो. बघायचं ते त्याच ओळीचं शेपूट: ‘यंग-मेकिंग रेट’ हजारी इतके, ‘नॉट’ हजारी इतके. ‘नॉट’ म्हणजे काय नाही, हेही धड सांगितलेलं नाही, इतकी ती ओळ तुसडी आहे. पण या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यांत देखणं काम, माझ्या मते, या तुटक शेपटाच्या मागे उभं आहे. त्याचा कारभार दोन आकड्यांवर चालतो, 37 आणि 1000. त्यांना फारसं कुणी हात लावत नाही, बहुतेकांनी लावूही नये. वाचावेत मात्र नक्की, आणि सावकाश वाचावेत.

आधी घराची मांडणी. इनोडीबी हे मायएसक्यूएलच्या आतलं साठवणीचं इंजिन. फिनलंडच्या हेइक्की तूरी यांचं हे काम, आणि 5.5 या आवृत्तीपासून मायएसक्यूएल न सांगता तेच वापरतो. ते डेटा पानांत ठेवतं. एक पान 16 केबीचं. कुठलीही नोंद वाचायची किंवा बदलायची झाली तर तिचं अख्खं पान आधी मेमरीतल्या बफर पूलमध्ये आणायचं, दुसरी वाट नाही. काहीच सांगितलं नाही तर हा पूल 128 एमबीचा असतो, म्हणजे बरोबर 8192 पानांचा. मेमरीतलं पान हाती यायला नॅनोसेकंदांचा हिशेब. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कवरून तेच पान आणायचं तर आधी मुंडकं योग्य जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद आणि मग तबकडी फिरून पान खाली येईपर्यंत सरासरी चारेक मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ऐंशी पानं.

आता तो खुशमस्कऱ्या पुन्हा पाहा. सेकंदाला वीस हजार पानं मागणारा सर्व्हर आहे आणि हिट रेट 990 आहे. शंभरातली नव्याण्णव, कुणालाही वाटेल पहिला वर्ग. पण उरलेला एक टक्का म्हणजे सेकंदाला दोनशे पानं, आणि डिस्कची ताकद ऐंशीची. रांग लागणार आणि वाढतच जाणार. तोच आकडा 999 झाला तर डिस्कवर वीसच फेऱ्या, आणि ती डुलकी काढायला मोकळी. नऊशे नव्वद आणि नऊशे नव्याण्णव यांच्यातलं अंतर नवाचं नाही, दसपटीचं आहे. हे ज्याच्या अंगवळणी पडलं तो अर्धं ट्यूनिंग शिकला.

पूलच्या आकाराबद्दल मी फार बोलणार नाही. त्याबद्दल सगळेच बोलतात. डेटाबेससाठीच राखून ठेवलेलं मशीन असेल तर मेमरीचा सत्तर-पंचाहत्तर टक्के हिस्सा पूलला द्या, थोडी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला ठेवा, झालं. आठव्या आवृत्तीत तर ‘इनोडीबी डेडिकेटेड सर्व्हर’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की 4 जीबीहून मोठ्या मशीनवर तो आपणच तीन चतुर्थांश घेतो. हाव मात्र अंगाशी येते, हे मी स्वतःच्या कर्माने शिकलो. 16 जीबीच्या मशीनवर मी एकदा पूल 14 जीबीचा केला आणि वर सॉर्ट बफर 64 एमबीचा ठेवला. सॉर्ट बफर हा अख्ख्या सर्व्हरचा नसतो, ज्याला क्रम लावायचाय त्या प्रत्येक जोडणीचा वेगळा असतो, हे मला पाठ होतं. उमगलेलं नव्हतं. महिनाअखेरीस पन्नासेक जणांनी एकदम रिपोर्ट मागितला आणि तीनेक जीबी कुठून तरी आणणं भाग पडलं. लिनक्सने ते पूलमधूनच आणले. आम्ही डिस्कवरची पानं मेमरीत आणत होतो आणि तो तीच मेमरी उचलून स्वॅपमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवर, नेऊन ठेवत होता. हिट रेट? अर्थातच 1000 / 1000. इनोडीबीच्या समजुतीप्रमाणे पान मेमरीतच होतं.

आता मुख्य रचनेकडे.

पूल भरला की नव्या पानासाठी जुनं एखादं बाहेर काढावं लागतं. कुठलं? सरळ उत्तर पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं: ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त काळ कुणी फिरकलं नाही ते. सगळी पानं एका रांगेत धरायची. ज्याला हात लागला ते रांगेच्या डोक्यावर आणि शेपटाला जे उरेल ते बाहेर. गावच्या वाचनालयातला ग्रंथपालही असाच हिशेब करतो. या हिशेबाला एकच भोक आहे, पण त्यातून हत्ती जातो. कुणी तरी एक मोठं टेबल पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत सुटलं की त्याचं प्रत्येक पान ‘नुकतंच हात लागलेलं’ ठरतं आणि रांगेच्या डोक्यावर जाऊन बसतं. वर्षभर रोज लागणारी पानं मागे ढकलली जातात आणि शेपटाकडून बाहेर पडतात. एका रात्रीच्या वरातीसाठी अख्खं घर रिकामं करायचं, तसला प्रकार.

इनोडीबीने काय केलं, तर रांग मधोमध नाही, पण मध्येच कुठे तरी तोडली. पुढचे पाच भाग एकीकडे, मागचे तीन भाग दुसरीकडे. आणि नवं आलेलं पान डोक्यावर न ठेवता या जोडावर ठेवलं. आठातले तीन म्हणजे साडेसदतीस टक्के. सेटिंगला पूर्णांकच चालतो, म्हणून अर्धा टक्का सांडला आणि ‘ओल्ड ब्लॉक्स पीसीटी’ 37 झाला. आपल्या 8192 पानांच्या पूलमध्ये साधारण 5120 पुढच्या भागात आणि 3072 मागच्या भागात.

कोकणातलं जुनं घर ज्याने पाहिलंय त्याला हा नकाशा पाठ असतो. अंगणातून आलेला माणूस आधी ओटीवर बसतो. त्याला पाणी मिळतं, गूळ मिळतो, बसायला घोंगडी मिळते, कशाची उणीव नाही. पण माजघराचा उंबरा तो पहिल्या भेटीत ओलांडत नाही. पुन्हा आला, काही कामाने आला, ओळख पटली, की मग आतून हाक येते. इनोडीबीची ओटी म्हणजे हे मागचे तीन भाग. डिस्कवरून आलेलं पान, मग ते कुणीही मागितलेलं असो, तिथेच टेकतं. पुन्हा कुणी विचारलं तर माजघरात जातं आणि त्यालाच ‘यंग’ होणं म्हणतात. नाही विचारलं तर मागच्या मागे अंगणात. माजघराला धक्काही लागत नाही.

यातला नावांचा विनोद मला अजून पुरत नाही. आत्ता, या क्षणाला आलेलं पान जातं ते ‘ओल्ड’ यादीत, आणि चार महिने ठाण मांडून बसलेलं पान ‘यंग’. वय आल्यापासून मोजलेलं नाही. जाण्याच्या दारापासून किती लांब, यावरून मोजलंय. आणखी एक बारकावा. माजघरात एकाला आत घेतलं की तिथला शेवटचा आपोआप ओटीवर सरकतो, कारण पाचास तीन हे प्रमाण राखायचं असतं. म्हणजे ओटीवर कुठल्याही वेळी दोन तऱ्हेची मंडळी शेजारी शेजारी बसलेली असतात: नुकती आलेली, अजून पारख न झालेली, आणि एके काळी आत ज्यांचा वट होता पण हल्ली ज्यांना कुणी विचारत नाही अशी. दोघांनाही नियम एकच. कुणी नाव घेतलं तर आत.

इथे थांबलं असतं तर ही रचना हुशार म्हटली असती, देखणी म्हटली नसती. कारण तिच्यात एक फसगत आहे. टेबल सलग वाचणारा माणूस पान एकदा उघडून मिटत नाही. एका पानात शंभरेक नोंदी असतात. तो पहिली वाचतो, मग दुसरी, तिसरी, आणि या प्रवासात त्याच पानाला पुन्हा पुन्हा हात लागतो. ‘पुन्हा विचारलं की आत’ एवढाच नियम असेल तर पहिल्या हाताला ओटीवर आलेलं पान दुसऱ्याच हाताला माजघरात. सगळी वरात ओटीवरून चालत चालत आत शिरणार. उंबरा आहे, पण अडवायला कुणी नाही.

म्हणून दुसरा आकडा, ‘ओल्ड ब्लॉक्स टाइम’: 1000 मिलिसेकंद. पहिला हात लागल्यापासून एक सेकंद होईपर्यंत पुढचे कितीही हात लागोत, ते मोजायचे नाहीत. सलग वाचणारा एका पानावर सेकंदभर कधी रेंगाळत नाही. त्याचे शंभर स्पर्श त्या सेकंदाच्या आत उरकतात आणि तो पुढे जातो. सेकंद उलटल्यावर जो येतो, तो वेगळ्या कामाने आलेला असतो. एका बैठकीत दहा वेळा पाणी मागितलं म्हणून कुणी दहा वेळा घरी आला असं आपण म्हणत नाही. हा व्यवहारातला साधा विवेक मशीनला एका आकड्यात शिकवलाय, आणि तोही किती स्वस्तात! प्रत्येक पानाजवळ पहिल्या स्पर्शाची वेळ तेवढी टिपून ठेवायची. किती जणांनी विचारलं याची वही ठेवायला नको.

या प्रश्नाची दुसरी बाजू 1987 साली जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी विचारली होती. डिस्कची किंमत, मेमरीची किंमत समोर ठेवून त्यांनी हिशेब मांडला की किती वेळात परत लागणारं पान मेमरीत ठेवणं परवडतं. तेव्हाच्या भावाने उत्तर आलं पाच मिनिटं, आणि तो ‘पाच मिनिटांचा नियम’ म्हणून गाजला. तो सावकाराचा हिशेब, चोख. इनोडीबीचा एक सेकंद वेगळंच विचारतो. परत येणं परवडतं का हे नंतर, आधी हे परत येणं आहे का?

आता थोडी इतिहासाची गंमत. हे दुसरं सेटिंग 5.5 मध्ये होतं, पण शून्यावर. म्हणजे उंबऱ्यावर माणूस नेमलेला आणि त्याला झोपायची परवानगी दिलेली. 2013 मध्ये 5.6 आली तेव्हा ते 1000 झालं. माझी आणि त्याची ओळख या मधल्या काळातली.

एका पतसंस्थेचा सर्व्हर होता. मघाशी मी ज्याला स्वॅपमध्ये बुडवला तोच, आता शहाणपणाने 11 जीबी पूल दिलेला. डेटा तीसेक जीबी. दिवसभर उत्तम. पण रोज सकाळी दहाला काउंटर उघडले की रडगाणं. फोन यायचा, “सर, आजपण लटकलंय. पासबुक छापायला दोन-दोन मिनिटं. दारापर्यंत लाईन आहे बघा.” मी विचारायचो, अकरा वाजता कसं असतं? “अकराला चालतं की व्यवस्थित.” कुणी काही न करता बरा होणारा आजार वैद्याची अब्रू घेतो. मी इंडेक्स पाहिले, क्वेरी पाहिल्या, केबलसुद्धा बदलून पाहिली. एका रात्री दोन वाजता जागा राहून स्टेटस बघत बसलो, तेव्हा उलगडा झाला. दोनला बॅकअप सुरू व्हायचा. मायएसक्यूएल-डम्प एकेक टेबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जायचा आणि ‘यंग्ज पर सेकंद’ हा आकडा भडकायचा. तीस जीबीची वरात अकरा जीबीच्या घरातून चालली होती. पहाटे चारला घरात खातेदारांचं एकही रोजचं पान शिल्लक नव्हतं. होती ती कुठल्या तरी 2006 सालच्या व्हाउचरांची. मग दहा ते अकरा हा तास ती लागणारी पानं एकेक करून, सेकंदाला ऐंशीच्या गतीने, पुन्हा घरी यायची. अकराला मंडळी जमली की आजार बरा.

रीस्टार्टची गरज नव्हती. ‘सेट ग्लोबल’ म्हणून एक ओळ, शेवटी 1000, आणि एंटर. त्या रात्री पुन्हा दोनला बसलो. वरात निघाली, पण आता ‘नॉन-यंग्ज पर सेकंद’ आभाळाला भिडलेला आणि ‘यंग्ज’ जमिनीला टेकलेला. हजारो पानं ओटीवर येत होती, टेकत होती, निघून जात होती. आतला दिवा विझलेला, आत कुणाला पत्ताही नाही. शास्त्रीय गाण्यात समेवर अचूक आल्यावर जी दाद आपसूक जाते, ती मी त्या काळ्या पडद्याला दिली. बायको उठून म्हणाली, “काय झालं?” काय सांगणार?

या रचनेत आणखी एक जागा आहे, सहसा कुणाच्या लक्षात न येणारी. माजघरात बसलेल्या पानाला हात लागला तर त्याला लगेच उठवून रांगेच्या डोक्यावर नेत नाहीत. ते डोक्यापासून पुरेसं मागे, साधारण माजघराच्या पहिल्या पावाच्या पलीकडे गेलेलं असेल तरच उठवतात. कारण रांगेत कुणाला हलवायचं तर सगळ्या रांगेला कुलूप लावावं लागतं, आणि सेकंदाला वीस हजार वेळा कुलूप म्हणजे घरात कामापेक्षा उठाबशाच जास्त. पुढे बसलेल्याने प्रत्येक नमस्काराला उभं राहायचं नाही.

आणि स्टेटसमधली ती उदास ओळ: ‘इव्हिक्टेड विदाउट ॲक्सेस’. इनोडीबी अंदाजानेही पानं आणतो. 64 पानांच्या गठ्ठ्यातली 56 सलग वाचली गेली की पुढचा गठ्ठा न मागता मागवून ठेवतो. अंदाज चुकला तर ती पानं ओटीवर येतात, त्यांना एकही हात लागत नाही आणि ती जातात. त्यांची सेकंदाची सरासरी दशांशाच्या दोन घरांपर्यंत छापलेली असते. हा आकडा मोठा दिसला की अंदाज थोडे आवरावेत.

तुलनेशिवाय रसग्रहण एकांगी होतं, म्हणून शेजारच्या घरात डोकावतो. 2003 मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्मादेन प्रयोगशाळेतून निम्रोद मेगिद्दो आणि आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले धर्मेंद्र मोधा यांनी ‘आर्क’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात 37 सारखा आकडा कुणी ठरवायचाच नाही. ती बाहेर काढलेल्या पानांची फक्त नावं लिहून ठेवते. पान गेलं, नाव राहिलं. अशा यादीला भुतांची यादीच म्हणतात. घालवलेलं पान कुणी पुन्हा मागितलं आणि नाव भुतांत सापडलं, की पद्धतीला कळतं, आपण याला घाईने काढलं, ती बाजू थोडी मोठी करायला हवी होती. पश्चात्तापातून शिकणारी मेमरी! पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने 2005 च्या जानेवारीत आठव्या आवृत्तीत ती घेतलीही. पण आयबीएमचा पेटंटचा अर्ज आडवा आला आणि काही महिन्यांतच 8.0.2 मध्ये ती बदलावी लागली. मग पोस्टग्रेसने घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी पद्धत धरली, आणि 8.3 पासून मोठ्या वरातीला 256 केबीचा एक वेगळा द्रोण हातात दिला. तेवढ्यातच जेवायचं, पंगतीत बसायचं नाही. पोस्टग्रेसवाले मला नेहमी विचारतात, हे सोपं नाही का? सोपं आहे. पण तिथे वरात कुठली हे आधी ओळखावं लागतं. ओटीला ओळखावं लागत नाही, तिथे सगळेच बसतात.

आर्क जास्त बुद्धिमान आहे, हे मी मान्य करतो. तरी मला इनोडीबीचं गबाळं शहाणपण जास्त आवडतं.

मायएसक्यूएलच्या घरातच त्याचा उलटा नमुनाही होता, क्वेरी कॅश. तिने पानं नाही, थेट उत्तरंच साठवली. तोच प्रश्न अक्षरशः तसाच आला की तयार उत्तर. ऐकायला केवढं छान! पण टेबलात एक नोंद बदलली की त्या टेबलावरची सगळी उत्तरं रद्द, आणि या सगळ्यावर कुलूप एकच. गर्दीच्या सर्व्हरवर ती मदतीपेक्षा खोळंबा जास्त करायची. आठव्या आवृत्तीत तिला काढून टाकलं. कुणी रडलं नाही.

आजही नवा सर्व्हर हाती आला की मी एक फाइल उघडून बघतो. मायएसक्यूएल बंद होताना पूलमधल्या अगदी ताज्या पाव हिश्शाची यादी ‘आयबी बफर पूल’ या नावाने लिहून ठेवतो. तिच्यात डेटा नसतो. एका ओळीत दोन आकडे, मध्ये स्वल्पविराम: कुठल्या फाइलचं, कितवं पान. मग पुढची ओळ. गेल्या महिन्यात मशीनची मेमरी वाढवायला म्हणून एक सर्व्हर रात्री बंद केला. सुरू केल्यावर त्याने ती यादी काढली, डिस्कवर सलग धावता यावं म्हणून आकड्यांच्या क्रमाने लावून घेतली आणि मागच्या मागे एकेक पान परत बोलवायला लागला. कालच्या दिवसातली सगळ्यांत मानाची पानं ती. यादीत मात्र शिरत होती त्याच मधल्या जोडावरून, ओटीकडच्या दारातून.